सॅच्युरेशन ९७, तरी अण्णा खुर्चीतच झोपतात

वाचकाचं पत्र

अण्णा, म्हणजे माझे वडील, ६३ वर्षांचे आहेत. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. सव्वा वर्षापूर्वी त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या नसा वाळत जाण्याचा आजार) असल्याचं निदान झालं. सुरुवात उजव्या हातापासून झाली. आता दोन्ही हात आणि एका पायातली ताकद गेली आहे, बोलणंही थोडं जड झालंय. गेले दोन महिने ते पलंगावर झोपत नाहीत. आडवं केलं की पाच मिनिटांत "उठव" म्हणतात. रात्र आरामखुर्चीत काढतात. सकाळी डोकं धरून बसतात, दिवसा पेपर वाचता वाचता मान पडते. जेवण निम्म्यावर आलंय.

गावातल्या डॉक्टरांनी एक्सरे, ईसीजी, टूडी इको केलं, सगळं नॉर्मल. ऑक्सिमीटरवर ९७. शहरात जाऊन पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी केली. त्यात ६८ टक्के आले, 'माइल्ड रिस्ट्रिक्शन' असं लिहिलंय, आणि पंप दिला. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळीही सुरू केली आहे. भाऊ म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत, उगीच धावाधाव नको. न्यूरोच्या डॉक्टरांची तारीख अडीच महिन्यांनी आहे. घरी ऑक्सिजन आणून ठेवावा का? आणखी कुठली तपासणी करून घ्यायची, आणि डॉक्टरांना राग न येता ती मागायची कशी? अण्णांना आजाराबद्दल आम्ही फारसं सांगितलेलं नाही.

एक लेक, कराड तालुका

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना "आडवं केलं की पाच मिनिटांत उठव म्हणतात" या ओळीपाशी थांबले. ही ओळ तुम्ही पत्राच्या मध्यावर, जाता जाता लिहिली आहे. डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या. एमएनडीच्या माणसाला उताणं झोपता येईनासं झालं, सकाळी डोकं दुखायला लागलं आणि दिवसा डुलक्या येऊ लागल्या, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत, हे उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरून चालायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वीसेक वर्षं श्वासाच्या रुग्णांबरोबर काढली, त्यातली बरीचशी पीएफटीच्या खोलीत. त्या भरवशावर सांगते, अडीच महिन्यांच्या तारखेची वाट पाहू नका. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा.

आणि झोपेची गोळी ज्यांनी लिहून दिली, त्यांना आजच फोन करा. "अण्णांना एमएनडी आहे, आडवं झोपवत नाही, सकाळी डोकं दुखतं, तरी ही गोळी चालेल का?" एवढंच विचारा. अशा गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या श्वासाचा जोर आणखी कमी करतात. अण्णांची झोप मोडते ती बहुतेक श्वास अपुरा पडतो म्हणून. त्यांचा मेंदू त्यांना जागं करतोय, आणि गोळी त्या राखणदारालाच झोपवते.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येते, कारण त्याचं चुकतंय असं नाही. एक्सरे, ईसीजी, इकोचे रिपोर्ट खरोखरच नॉर्मल आहेत. प्रश्न असा की ते कशाचे रिपोर्ट आहेत. एक्सरेनं फुप्फुस पाहिलं, इकोनं हृदय पाहिलं. अण्णांचं फुप्फुसही चांगलं आहे आणि हृदयही. लोहाराच्या भात्याचं कातडं धडधाकट आहे, दुखणं भाता ओढणाऱ्या हाताचं आहे. तो हात म्हणजे श्वासपटल, ज्याला डॉक्टर डायफ्रॅम म्हणतात. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. एमएनडीमध्ये हाताच्या नसा जशा वाळतात, तशीच मानेतून निघून या पडद्यापर्यंत जाणारी नसही वाळत जाते. एवढ्या तपासण्या झाल्या, पण या स्नायूची ताकद अजून कुणी नीट मोजलेली नाही.

मग ९७ कसे दिसतात? चूल पेटलेली असते, पण धुराडं बुजलेलं असतं, तसं. जाळ दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि घर धुरानं भरत जातं. आत घेतलेला ऑक्सिजन म्हणजे जाळ, बाहेर टाकायचा कार्बन डायऑक्साइड म्हणजे धूर. श्वास उथळ झाला की धूर आधी साठतो, ऑक्सिजन बराच उशिरा उतरतो. बोटाला लावायचं ते यंत्र धूर मोजतच नाही. कोविडनं आपल्या सगळ्यांना त्या यंत्राची सवय लावली आणि ९४ हा आकडा पाठ करून दिला. त्या आजारात ते बरोबरही होतं. एमएनडीत मात्र दिवसा, बसलेल्या माणसाचे ९७ बघून "श्वास उत्तम" म्हणता येत नाही. आकडा ९४ किंवा त्याखाली असेल तर लगेच पुढची तपासणी करायची. वर असेल, तर एवढंच कळलं की ऑक्सिजन अजून उतरलेला नाही.

हे सगळं रात्री का बिघडतं, ते समजून घ्या. भावालाही समजावता येईल. उभं किंवा बसलेलं असताना पोटातल्या आतड्यांचं वजन खाली ओढलं जातं, पडद्याला खाली सरकायला जागा मिळते. आडवं झालं की तेच वजन पडद्यावर येतं. ताकदवान पडदा ते सहज ढकलतो, थकलेल्याला जमत नाही. म्हणून "उठव". त्यात स्वप्नांच्या झोपेत आणखी एक गोष्ट होते. त्या वेळी शरीर हात, पाय, मान, बरगड्यांमधले स्नायू सगळे सैल सोडून देतं आणि श्वासाचा जवळजवळ सगळा भार एकट्या पडद्यावर टाकतं. दिवसभर मानेचे स्नायू पडद्याला हात देत असतात. अण्णांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू श्वास घेताना ताणलेले दिसतात का, आज बघा. रात्री ही मदत बंद होते. अशी झोप पहाटेकडे जास्त असते, म्हणून धूर पहाटे साठतो आणि डोकं सकाळी दुखतं.

आता पीएफटीचे ६८ टक्के. हा आकडा मला 'माइल्ड' वाटत नाही, आणि हे माझ्या मनाचं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ मध्ये एमएनडीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की पूर्ण श्वास घेऊन एका दमात जोरानं बाहेर सोडता येणारी हवा, म्हणजे एफव्हीसी, ५० टक्क्यांच्या खाली असेल, किंवा ८० टक्क्यांच्या खाली असून सोबत श्वासाची लक्षणं असतील, विशेषतः आडवं झोपवत नसेल, तर श्वासाच्या यंत्रोपचाराची माहिती असलेल्या तज्ज्ञांकडे पाठवण्याचा विचार करा. अण्णा दुसऱ्या गटात बसतात. 'माइल्ड' हा शब्द बहुतेक यंत्रानं छापलेला असतो. यंत्राला फक्त आकडा दिसतो, आरामखुर्ची दिसत नाही. दम्याचा पंप दिला याचा राग धरू नका. पीएफटीला येणाऱ्यांत बरेच जण दम्याचे, सीओपीडीचे (श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचे) असतात, त्यामुळे हात तिकडे वळतो. पण भाता ओढणारा हात थकला असेल, तर नळी रुंद करून फरक पडत नाही.

तो रिपोर्ट पुन्हा काढून बघा. उंची किती लिहिली आहे? अपेक्षित क्षमता वय, लिंग आणि उंचीवरून ठरते. उभं राहता न येणाऱ्या माणसाची उंची अंदाजानं टाकली जाते, आणि चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की टक्के बदलतात. अशा वेळी दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं माप घेतात, त्यावरून उंची धरतात. अण्णांच्या हातांत ताकद नसली तरी तुम्ही दोघांनी धरलेत तर माप घेता येतं. टक्क्यांशेजारी लिटर लिहिलेले असतात, तेही वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये गेलात, तर टक्क्यांपेक्षा लिटरची तुलना जास्त कामाची ठरेल.

आणि ही तपासणी बसवून केली असणार. तीच झोपवून पुन्हा करायची. सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी हीच आहे. यंत्र तेच, नळी तीच, फक्त अण्णा तपासणीच्या पलंगावर सपाट उताणे. निरोगी माणसाची क्षमता आडवं झाल्यावर थोडीच उतरते, ५ ते १० टक्के. पडदा दुबळा असेल तर ती २५ टक्क्यांहून जास्त कोसळते. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरनं १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या मापाला 'व्हायटल कपॅसिटी' म्हणजे जीवनक्षमता असं नाव दिलं होतं. मला ते नाव अजून आवडतं. उद्या तुमच्या अण्णांना ती बसून २.२ लिटर आणि झोपून १.५ लिटर आली, तर 'माइल्ड' हा शब्द रिपोर्टवर टिकणार नाही.

लॅबमध्ये "झोपवून करत नाही आम्ही" असं ऐकायला मिळेल. मी स्वतः अनेकदा ऐकलंय. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, एक सपाट टेबल आणि पाच मिनिटांचा धीर लागतो. अण्णांना मात्र जबरदस्तीनं आडवं ठेवायचं नाही. दोघांनी आधार द्यायचा, दोन-तीन प्रयत्न झाले की लगेच उठवून बसवायचं. एका मिनिटातच ते कासावीस झाले आणि तपासणी जमलीच नाही, तर तंत्रज्ञांना विनंती करा की रिपोर्टवर तसं लिहा, 'धाप लागल्यामुळे झोपवता आलं नाही'. हीसुद्धा माहिती आहे आणि महत्त्वाची आहे.

अण्णांचं बोलणं जड झालंय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ओठांवरचा ताबाही सुटत असणार. एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे, ती सांगते. एक आजोबा होते, याच आजाराचे. तंत्रज्ञ मुलगा "सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा!" म्हणून ओरडत होता, आजोबा जिवाच्या आकांतानं फुंकत होते, आणि नळीच्या डाव्या बाजूनं, ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून बाहेर चालली होती. लाळेचा एक छोटा फुगा तिथं येत होता आणि फुटत होता. यंत्राच्या स्क्रीनवर आलेख सपाट आला आणि रिपोर्टवर उमटलं 'पूअर एफर्ट'. आजोबांनी ते वाचलं. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला आपण कामचुकार ठरवलं होतं. मी त्यांच्या ओठांचे कोपरे दोन बोटांनी दाबून धरले आणि पुन्हा करायला सांगितलं, तेव्हा आकडा तिसऱ्या हिश्शानं वाढला. तुम्हीही आत जा, आणि ओठ धरू द्या म्हणून सांगा. नळीऐवजी नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावूनही करता येतं. पुढेमागे ओठ अजिबात मिटेनासे झाले, तर फुंकायच्या तपासण्यांचा हट्ट सोडायचा. तेव्हा बोटाचं यंत्र, रक्ताची तपासणी आणि रात्रीची नोंद यांवरच भर द्यायचा.

अशा माणसांसाठी आणखी एक सुंदर तपासणी आहे. एका नाकपुडीत छोटं बूच बसवतात, ते नळीनं यंत्राला जोडलेलं असतं. दुसरी नाकपुडी मोकळी. तोंड मिटून जोरात हुंगायचं, मोगऱ्याचा वास ओढून घ्यावा तसं. असं आठ-दहा वेळा करायचं आणि सगळ्यात चांगला आकडा धरायचा. याला स्निप म्हणतात. ओठ लागत नाहीत, लांब फुंकावं लागत नाही, आणि आत ओढण्याची ताकद सरळ मोजली जाते. आकडा सेंटिमीटर पाण्याच्या दाबात येतो. ४० च्या खाली असेल तर तेवढ्यावरच तज्ज्ञांकडे जायचं. पुरुषांत ६५ आणि बायकांत ५५ च्या खाली असून लक्षणं असतील, तरी तेच. एमआयपी ही तिची तोंडानं करायची बहीण. ही यंत्रं प्रत्येक लॅबमध्ये नसतात, म्हणून पुण्याला किंवा मिरज-कोल्हापूरला निघण्याआधी फोन करून "स्निप किंवा एमआयपी होतं का, आणि एफव्हीसी झोपवून करता का?" हे दोन प्रश्न विचारून घ्या. एवढ्या लांबचा प्रवास, चाकाची खुर्ची, अण्णांची दमणूक, आणि तिथं गेल्यावर "मशीन नाही" असं व्हायला नको.

धूर मोजायची तपासणी म्हणजे एबीजी. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात. नेहमीच्या रक्तापेक्षा ती सुई जास्त दुखते, हे अण्णांना आधी सांगून ठेवा. रिपोर्ट काही मिनिटांत येतो. त्यात कार्बन डायऑक्साइडचा आकडा बघा, ३५ ते ४५ नॉर्मल. ४५ च्या वर असेल तर थांबायचं नाही. 'नाइस'च्या सूचनांप्रमाणे अशा माणसाला आठवड्याच्या आत तज्ज्ञांनी बघायला हवं. शेजारी बायकार्बोनेटचा आकडा असतो. कार्बन डायऑक्साइड दुपारी नॉर्मल दिसला, पण बायकार्बोनेट २७ च्या वर असेल, तर रात्री धूर साठत असल्याचा तो माग असू शकतो. एबीजीची सोय आयसीयू असलेल्या बहुतेक दवाखान्यांत असते, त्यामुळे तुम्हाला जवळपास सगळ्यात आधी मिळू शकेल ती हीच तपासणी. ऑक्सिजन न लावता, साध्या हवेवर करायची, एवढं लक्षात ठेवा.

आणि रात्रीची नोंद. बोटाच्या यंत्रासारखंच, पण रात्रभरचे आकडे साठवणारं यंत्र मनगटाला बांधून देतात, सकाळी संगणकावर आलेख काढतात. घरीच करता येतं. पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ आकडा ८८ किंवा खाली राहिला, तर ते ठळक चिन्ह. अण्णा त्या रात्री खुर्चीतच झोपले तर तसं लिहून द्या, कारण खुर्चीतला आलेख पलंगावरच्यापेक्षा बरा दिसणार. इथं एक धोका आहे. झोपेच्या मोठ्या तपासणीला पाठवलं, तर घोरण्याच्या आजाराच्या चौकटीत रिपोर्ट लिहिला जाऊ शकतो आणि सीपॅप हे यंत्र सुचवलं जातं. ते एकसारखा दाब देतं, घसा उघडा ठेवतं, पण थकलेल्या पडद्याचं ओझं उचलत नाही. अण्णांसारख्यांना लागतं ते बायपॅप. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी, आणि श्वास चुकला तर यंत्रानं स्वतःहून द्यायची सोय. म्हणून पाठवण्याच्या चिठ्ठीवर 'एमएनडी, श्वासाच्या स्नायूंचा अशक्तपणा' हे शब्द असलेच पाहिजेत.

खोकल्याचा जोर मोजणंही राहू देऊ नका. दम्याचे रुग्ण वापरतात तो साधा पीक फ्लो मीटर, त्यात फुंकायच्या ऐवजी खोकायचं. मिनिटाला २७० लिटरच्या खाली आकडा गेला, तर साधी सर्दीसुद्धा छातीत उतरू शकते, आणि खोकल्याला मदत करण्याच्या पद्धती आधीच शिकून ठेवायला हव्यात. १६० च्या खाली कफ बाहेर पडतच नाही, म्हणा ना.

घरी ऑक्सिजन आणावा का, असं विचारलंय. माझं उत्तर ठाम आहे, डॉक्टरांनी एबीजी बघून सांगितल्याशिवाय नको. माझ्या मावसभावाला हाच आजार होता. एका रात्री त्याला धाप लागली म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं मास्क लावून भरपूर ऑक्सिजन सोडला. सॅच्युरेशन ९९ झालं, सगळ्यांना हायसं वाटलं, मला फोन आला की आता शांत झोपलाय. पहाटे हाक मारली तर उठेना. कार्बन डायऑक्साइड नॉर्मलच्या दुपटीवर गेला होता. ती शांत झोप नव्हती, गुंगी होती. बायपॅप लावल्यावर काही तासांनी त्यानं डोळे उघडले आणि चहा मागितला. त्या रात्री मी तिथं असते तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही. उथळ श्वासाच्या माणसाला नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा सुंदर दिसतो आणि आत धूर साठत राहतो. म्हणून एका जाड कागदावर चार ओळी इंग्रजीत लिहून घ्या, अण्णांच्या खिशात आणि तुमच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. एमएनडी आहे, श्वासाचे स्नायू अशक्त आहेत, एबीजी न बघता नुसता ऑक्सिजन वाढवू नका, बायपॅप लागू शकेल. ओठ निळसर पडले, हाक मारूनही नीट जागे होत नसतील, असंबद्ध बोलायला लागले किंवा बसूनही धाप थांबेना, तर कसलीही तारीख न बघता, दिवस असो की रात्र, आयसीयू आणि बायपॅप असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

राग न येता कसं मागायचं? ताई, हा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण लेकींना हा विचार करावा लागतो हे मला माहीत आहे. "मी नेटवर वाचलंय" अशी सुरुवात करू नका. लक्षणं आणि आकडे सांगा, मग विनंती. मी अशा घरांना हे पाठ करून देते: "डॉक्टर, अण्णांना सव्वा वर्षापासून एमएनडी आहे. दोन महिने आडवं झोपवत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसा डुलक्या येतात. बसून एफव्हीसी ६८ टक्के आहे. श्वासपटल अशक्त झालंय का, हे बघायला झोपवून एफव्हीसी, स्निप, एबीजी आणि रात्रीची नोंद करता येईल का? इथं होत नसेल तर कुठं होईल, तिथं चिठ्ठी द्याल का?" शेवटचं वाक्य विसरू नका. बहुतेक डॉक्टरांच्या हाताखालून एमएनडीचे रुग्ण फार थोडे गेलेले असतात. तयार माहिती समोर आली तर चांगला डॉक्टर चिडत नाही, चिठ्ठी लिहितो. न्यूरोच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवरही हेच चार शब्दांत सांगा, तारीख अलीकडे येऊ शकते. खोलीत भावालाही सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्याची धावाधावीची तक्रार आपोआप मिटेल.

हे सगळं कशासाठी, असं तो विचारेलच. आजार बरा होत नाही, मग तपासण्या का? कारण श्वासावर करण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एक नीट आखलेला अभ्यास झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपॅपसारखं मास्कचं यंत्र वेळेवर वापरलेल्या आणि गिळण्या-बोलण्याचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत असलेल्या रुग्णांचं आयुष्य, मीडियन म्हणजे मधल्या रुग्णाच्या हिशोबानं, २०५ दिवसांनी वाढलं, आणि ते दिवसही बरे गेले. झोप लागली, सकाळचं डोकं हलकं झालं. दुसरं म्हणजे पोटातून अन्न द्यायची नळी बसवायची वेळ आली, तर ती क्षमता ५० टक्क्यांच्या वर असताना बसवणं सुरक्षित असतं. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलंय, म्हणून हा विषयही याच भेटीत काढा. एकदा तपासणी झाली की दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची, आणि स्निप तीन महिन्यांत १० पेक्षा जास्त उतरला तरी तेवढ्यावर दखल घ्यायची.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, खुर्चीत बसून अण्णांना पूर्ण श्वास घ्यायला सांगा आणि एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. निरोगी माणूस ४०-५० पर्यंत जातो. किती आले ते तारखेसह वहीत लिहा. बोलणं जड असल्यानं त्यांचा आकडा कमीच येईल, म्हणून एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, उतार बघा. यानं तपासणी टळत नाही, पण डॉक्टरांपुढे वही ठेवली की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. ज्या माणसानं आयुष्यभर गर्दीतून प्रवासी मोजले, त्यांना हे मोजणं परकं वाटणार नाही.

शेवटचं, अण्णांना सांगण्याबद्दल. तुम्ही काळजीपोटी लपवलंय, मी जाणते. पण रात्री तीन वाजता खुर्चीत एकटे जागे असताना त्यांना काहीतरी होतंय हे कळतंच आहे. ते फक्त तुम्हाला विचारत नाहीत. मास्क लावायचा की नाही, नळी घालायची की नाही, पुढे गळ्याला छेद देऊन यंत्र लावायचं की नको, हे निर्णय त्यांचे आहेत, आणि बोलता येतंय तोवरच ते सांगू शकतील. सगळं एका बैठकीत सांगू नका. आधी एवढंच, "अण्णा, श्वासाचे स्नायू दमलेत, म्हणून आडवं झोपवत नाही. ते मोजायला जायचंय, आणि त्यावर एक यंत्र आहे." बघा, त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा सुटका जास्त दिसेल.

तोवर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून, पाठीमागे घट्ट गाद्या रचून अर्धवट बसतं करून बघा, खुर्चीत रात्रभर पाय लटकून सुजतात. लॅबला सकाळी जा, पहाटेचा थकवा थोडा उतरल्यावर आणि पोट भरलेलं नसताना. कमरेचा पट्टा सैल सोडा. आणि घरची त्यांची उशी बरोबर न्या. तपासणी झाल्यावर पाठीला लावून त्यांना दहा मिनिटं तसंच बसू द्या, मगच खाली गाडीकडे चला. एबीजीचा आकडा आला की मला कळवा.